टाकळदऱ्याचा नंबर

"मॅडम, ते काळं तोंड बंद करा नं जरा. पाहून पाहून डोळे बावचळले माहे."

कुंदाताई मेश्राम हे माझ्या स्क्रीनबद्दल बोलत होत्या. दोन टेबलं सोडून त्या बसायच्या, कानाला हेडफोन, पुढ्यात पाण्याची बाटली आणि सुपारीची डबी. मी नेहमीसारखं न ऐकल्याचं सोंग केलं आणि पाहत राहिले.

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी एकाखाली एक पडत होत्या. जिल्ह्यातून रुग्णवाहिकेसाठी फोन आला की आमच्या सहा ऑपरेटर बायकांपैकी कोणीतरी तो घ्यायची, नोंद करायची, आणि ती नोंद एका फायलीच्या तळाला जाऊन बसायची. वेळ, फोनचा नंबर, गाव, तक्रार. सकाळी रिकामी असलेली फाईल संध्याकाळपर्यंत चारशे ओळींची व्हायची. अशी वाढती फाईल पाहायला टेल नावाची एक कमांड असते. एकदा सांगून ठेवलं की ती फायलीचं शेपूट धरून बसते आणि नवी ओळ पडली की लगेच दाखवते. खरं तर माझ्या कामाला तिची तशी गरज नव्हती, पण मला त्याशिवाय चैन पडायचं नाही. ओळ पडली की बरं वाटायचं. दोन मिनिटं काही पडलं नाही की वाटायचं, काही बंद तर पडलं नाही ना. मग मी उठून उगाच वायरी चाचपून यायचे.

ही गोष्ट ऑगस्ट २०११ची. मी चोवीस वर्षांची होते, नागपूरहून या जिल्ह्याच्या गावी संगणकाच्या कामावर कंत्राटानं आले होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या दिवशी तर माझे पाय जमिनीवर नव्हतेच. दुपारी तीनला वरून पाहणीला लोक येणार होते, आणि ते माझंच काम पाहायला येणार होते.

काम असं होतं. माणूस घाबरला की एकदा फोन करून थांबत नाही. दर पाच मिनिटांनी करतो. गाडी निघाली का, कुठंवर आली, आमचं नाव लिहिलं का. दर वेळी फोन वेगळी बाई घ्यायची, तिला आधीचं ठाऊक नसायचं, ती नवी नोंद करायची, आणि गाड्या वाटणाऱ्या टेबलाला वाटायचं की ही नवीच भानगड आहे. अख्ख्या जिल्ह्याला अकरा गाड्या. जूनमध्ये एका अपघाताला तीन गाड्या जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला एक म्हातारा गाडीची वाट पाहत खाटेवरच गेला. त्यानंतर कक्षाचे प्रमुख डॉ. गुंडावार माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "तिडके, याचा काहीतरी बंदोबस्त कर."

मी केला. आठ दिवसांत केला. तीन तासांच्या आत त्याच नंबरवरून, त्याच गावासाठी फोन आला तर तो आधीचाच धरायचा आणि पुढे गाड्यांच्या टेबलाकडे पाठवायचाच नाही. ऑपरेटरच्या स्क्रीनवर तेवढी एक पिवळी पट्टी यायची, 'नोंद आहे, गाडी मार्गावर'. तिनं तेच समोरच्याला सांगायचं आणि फोन ठेवायचा. तक्रारीचा रकाना मी मुद्दाम जुळवून पाहिला नाही. कारण हे काम येण्याआधी महिन्याच्या अहवालांसाठी मी त्या रकान्याशी चांगलं डोकं फोडलं होतं. एक बाई 'बाळंतपण' लिहायची, दुसरी 'डिलेवरी', तिसरी 'पोट दुखणे', चौथी नुसतं 'बाई'. चार ओळी एकाच बाईच्या असल्या तरी संगणकाला त्या चार वेगळ्या. म्हणून मी त्याला सांगितलं, तिकडे बघूच नको, नंबर आणि गाव बघ.

कुंदाताईंना ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. या नोकरीच्या आधी अकरा वर्षं त्या बसस्टँडजवळ एसटीडी बूथ चालवत होत्या.

"आन् खरंच दुसरं कोणी असलं त?" त्यांनी विचारलं होतं.

"त्याच नंबरवरून?"

"हाव. माह्या बूथवरून अर्धं बसस्टँड फोन लावे."

"ताई, बूथचा जमाना गेला. आता मोबाइल ज्याचा त्याचा असतो."

त्यांनी डबीतली सुपारी तोंडात टाकली आणि विषय तिथंच संपला. खोलीतल्या बाकीच्या जणी हसल्या होत्या. मीही हसले होते.

पंधरा दिवस सगळं फार छान चाललं. दुहेरी गाड्या बंद झाल्या. गुंडावार सर माझी ओळख 'आमची हुशार पोरगी' अशी करून द्यायला लागले. आणि म्हणून ही तीन वाजताची पाहणी.

त्या सकाळी माझ्या अंगात नुसती वळवळ होती. मी जागेवर बसत नव्हते, उभी राहत नव्हते. चहा मागवला तो गार झाला. कधी प्रिंटरचा कागद सारखा करत होते, कधी टेलच्या ओळींकडे पाहत होते. एक नंबर सारखा येत होता. शेवटचे आकडे सात-सात-दोन. गाव टाकळदरा. दहा पन्नासला आला, अकरा पाचला आला, सव्वाअकराला आला. मी मनाशी म्हटलं, हे बरं झालं, दाखवायला चांगलं उदाहरण मिळालं. दिवस भरत आलेली बाई, घरचे कासावीस, चार-चार फोन, आणि माझा प्रोग्रॅम शांतपणे एकच गाडी पाठवतोय. सात नंबरची गाडी बाराला दहा कमी असताना तिला घेऊन निघालीसुद्धा.

साडेबाराला कुंदाताई उठून माझ्या टेबलाशी आल्या. त्या सहसा जागेवरून उठत नसत, गुडघे दुखायचे.

"मॅडम, हे टाकळदऱ्याचं पाहा बरं. थे बाई आता साप म्हणून राह्यली."

"कोण बाई?"

"मले काय माहीत कोण? रडून राह्यली नुसती. साप चावला म्हणते. मी पट्टी वाचून सांगतलं गाडी निघाली म्हणून. पण आवाज वेगळा वाटला मले."

माझ्यापुढे पाहणीच्या लोकांना द्यायचा कागद अर्धवट पडला होता. मी मान वर न करता म्हणाले, "स्क्रीनवर गाडी मार्गावर दिसतेय ना?"

"दिसून त राह्यली."

"मग झालं. घाबरलेली माणसं काहीही सांगतात, ताई. गाडी लवकर यावी म्हणून साप काय, वाघसुद्धा सांगतील. जा तुम्ही, तुमचा फोन वाजतोय."

खरंच वाजत होता. त्या गेल्या.

मी कागदाकडे वळले. मला एक यादी हवी होती, सकाळपासून कोणकोणत्या नंबरांवरून दुबार फोन आले, म्हणजे प्रोग्रॅमनं किती फेऱ्या वाचवल्या ते आकड्यात दाखवता येईल. दुबार ओळी शोधायला युनिक नावाची कमांड आहे. घाईघाईत मी ती तशीच फायलीवर चालवली. उत्तर आलं नऊ. मी चरफडले. नऊ कसे असतील, चांगले पन्नास-साठ असायला हवेत. मग लक्षात आलं, मी कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांसारखी चूक केली होती. ही कमांड फक्त शेजारी शेजारी बसलेल्या ओळीच जुळवते. दोघींच्या मध्ये तिसरी येऊन बसली की तिच्या लेखी त्या एकमेकींच्या कोणी नाहीत. म्हणून आधी सगळ्या ओळी नंबरानुसार लावून घ्यायच्या, त्याला सॉर्ट म्हणतात, आणि मग दुबार शोधायच्या. मी लावून घेतल्या.

आता एकेका नंबरचे सगळे फोन एकाखाली एक आले. सात-सात-दोनचे आठ होते. मी कौतुकानंच वाचायला लागले.

दहा पन्नास, बाळंतपण. अकरा पाच, डिलेवरी. अकरा पंधरा, बाळंतपण. अकरा तीस, बाई. बारा दहा, सर्पदंश. बारा वीस, साप. बारा अठ्ठावीस, साप. बारा चाळीस, साप हात.

टेलमध्ये या ओळी माझ्या डोळ्यांपुढूनच गेल्या होत्या. पण तिथं एका टाकळदऱ्यामागे दुसरी वीस गावं पडायची आणि टाकळदरा वर सरकून नाहीसा व्हायचा. इथं आठही एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पहिल्या चार एका बाईच्या होत्या. ती बाई बारा वाजायच्या आधीच गाडीत बसून निघून गेली होती. तिथून पुढच्या चार कोणाच्या तरी दुसऱ्याच होत्या, आणि त्या चारही माझ्या प्रोग्रॅमनं गिळल्या होत्या. गाड्यांच्या टेबलावर टाकळदऱ्याची सापाची नोंदच नव्हती.

घड्याळात बारा अठ्ठेचाळीस झाले होते. मी सरांच्या केबिनकडे धावले, जाताना खुर्ची पाडली.

"सर, टाकळदऱ्याला साप चावलाय कोणाला तरी. बारा दहापासून फोन येतायत. गाडी गेलेली नाही."

गुंडावार सर घास हातात घेऊन बसले होते. "का नाही गेली?"

"बाळंतपणाचीच नोंद धरली गेली. नंबर तोच होता म्हणून. आपण त्यांना गाडी निघाली म्हणून सांगतोय."

त्यांनी घास डब्यात परत ठेवला. एक गोष्ट मी आजही मान्य करते, त्यांनी एक क्षणही वाया घालवला नाही. सात नंबरची गाडी बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात उतरवून नुकती मोकळी झाली होती. त्यांनी स्वतः फोनवरून तिला उलटी फिरवली. टाकळदऱ्यापर्यंत चाळीस मिनिटं.

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "फोन करून सांग, गाडी येतेय. एवढंच. आधीचं काही बोलू नको. तीनला लोक येतायत आणि फोन रेकॉर्ड होतात."

मी बाहेर येऊन माझ्याच टेबलावरून सात-सात-दोनला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मागे बायकांचा गलका, कोणीतरी मोठ्यानं रडत होतं.

"हालो! गाडी कुठी आली?" पुरुषाचा आवाज.

"कोण बोलतंय? साप कोणाला चावला?"

"पोट्टीले. निर्मलाले. मी तिचा काका, मारोती. सोयाबीन निंदत होती, हाताले धरलं त्यानं. नाग व्हता. मी सोताच्या डोयानं पाह्यला. पापण्या मिटून राह्यल्या तिच्या, जीभ जड पडली. गाडी कुठी हाये, बाई?"

"हा फोन कोणाचा आहे?"

आज मला कळत नाही की मी त्या वेळी हे का विचारलं. बहुतेक मला अजून कोणावर तरी ढकलायचं होतं.

"फोन? फोन अंगणवाडीच्या बाईचा हाये. सारं गाव ह्याच्यावरूनच बोलते. शाळेच्या ओट्यावर खुंटीले टांगला असते, रेंज इथीच येते. गाडी कुठी हाये सांगा नं!"

चाळीस मिनिटं. मी सरांच्या केबिनकडे पाहिलं. काचेतून ते माझ्याकडेच पाहत होते. 'येतेय' म्हणाले असते तर ती माणसं आणखी चाळीस मिनिटं त्या ओट्यावर वाट पाहत बसली असती. ती आधीच तशी बसली होती. आम्ही चार वेळा निघाली म्हणालो म्हणून बसली होती.

"मारोतीभाऊ, ऐका. मी तिडके बोलतेय," मी म्हणाले. "गाडी निघालेली नव्हती."

"आं?"

"आमची चूक झाली. गाडी आत्ता निघालीय. तुमच्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागतील. गावात मोटारसायकल आहे?"

"सरपंचाची हाये." मग एकदम त्याचा आवाज फाटला. "आवो, मंग आधी काहून नाही सांगतलं? आमी केवाच नेली असती तिले!"

"आता न्या. दोघांच्या मध्ये तिला बसवा आणि खडकीच्या फाट्याकडे या. आमची गाडी समोरून येतेय. फाट्यावर भेटेल."

माझ्या हातातून कोणीतरी फोन घेतला. गुंडावार सर होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज शांत होता. "हात हलवू देऊ नका. फळी बांधा, कापडानं गळ्यात अडकवा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. कोणी मांत्रिकाचं नाव काढलं तर त्याला थोबाडीत द्या. निघा." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेले.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला नीट सांगता यायचं नाही. मी टेलसमोर उभी होते. ओळी पडत होत्या, ताप, अपघात, दमा, आणि मला त्यातली एकही दिसत नव्हती. मी वॉशरूममध्ये गेले, तोंड धुतलं, परत आले. अजून चारच मिनिटं झाली होती. कुंदाताई फोन घेत होत्या, पण मधेच माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खोलीतल्या सगळ्यांना एव्हाना कळलं होतं.

एक वाजून बारा मिनिटांनी सात नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला, सरांनी तो स्पीकरवर घेतला. "फाट्यावर भेटली, सर. श्वास बंद पडला व्हता. डॉक्टरनं पंप लावला हाये. चाललो."

मी खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला, कोणी ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्या क्षणी मला त्या मुलीबद्दल वाटलं त्यापेक्षा स्वतःबद्दल जास्त वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं.

तीनला लोक आले. मी त्यांना सगळं दाखवलं. यादीतून सात-सात-दोनच्या आठ ओळी मी आधीच काढून टाकल्या होत्या. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी माझी पाठ थोपटली, हेच इतर जिल्ह्यांत न्यायला हवं म्हणाले. ते गेल्यावर मी प्रोग्रॅम उघडला आणि दहा मिनिटांत दुरुस्त केला. साप, विष, भाजणं असं काही तक्रारीत दिसलं की तो फोन दाबायचा नाही, थेट पुढे पाठवायचा. दहा मिनिटांचंच काम होतं ते.

निर्मला जगली. तीन दिवस मशीनवर होती, चौथ्या दिवशी स्वतः श्वास घ्यायला लागली. औषध मिळायला उशीर झाला होता म्हणून हात मात्र सडत गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. हे मला गुंडावार सरांनी सांगितलं. चौकशी लागली होती. चार फोनांचं रेकॉर्डिंग वर गेलं होतं आणि त्यातले तीन कुंदाताईंनी घेतलेले होते. माझ्या टेबलावरही एक कागद आला. 'सदर दिवशी प्रणाली सुस्थितीत होती किंवा कसे' एवढाच प्रश्न त्यावर होता. तो कागद मी दोन दिवस की-बोर्डखाली ठेवून दिला होता.

अकराव्या दिवशी सकाळी दार उघडून एक बाई आत आली. काळीसावळी, उंच, हिरवं लुगडं, खांद्यावर कापडी पिशवी. मागे साधारण सोळा वर्षांची मुलगी, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत बांधलेला. शिपायानं अडवायचा प्रयत्न केला असावा, कारण तो मागून "आवो बाई, आवो बाई" करत होता.

"तिडके मॅडम कोन्त्या?"

मी उभी राहिले. ती माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. तिचे तळवे खरखरीत होते.

"मी पार्बता. हे माही पोट्टी. मारोतीनं सांगतलं मले, साऱ्याइनं निघाली निघाली म्हनलं, खरं तुमीच सांगतलं. तुमी नसत्या सांगतलं त आज हे पोट्टी नसती, माय." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पिशवीतून तिनं कणसं काढली, सोललेली, कोवळी, सात-आठ असतील, आणि माझ्या टेबलावर रचली. "आमच्या वावरातली हायेत."

मी काय बोलले ते मला ठाऊक आहे. मी "अहो, कशाला" म्हणाले.

मग तिनं पदरानं डोळे पुसले, आणि तिचा चेहरा पालटला. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"थे दुसरी कोन व्हती?"

ती टेबलांच्या मधून दोन पावलं पुढे आली.

"मी सोता फोन लावला व्हता तीन खेपा. तिन्ही खेपा एकच बाई. निघाली म्हने. वाट पाहा म्हने. मले तिचं तोंड पाहाचं हाये."

गुंडावार सर केबिनमधून बाहेर आले. "बाई, त्याची चौकशी चालू आहे, तुम्ही बसा, पाणी घ्या," असं काहीतरी म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावरून गेली. खोलीत सहा बायका होत्या, एक शिपाई, एक डॉक्टर आणि मी. पार्बताबाई आणि निर्मला सोडून तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती पिवळी पट्टी कोणी बनवली. साडेबाराला कोण कोणाच्या टेबलाशी उठून गेलं होतं, तेही माहीत होतं.

कुंदाताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

"आवाज माहा व्हता, बाई."

पार्बताबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ती आता मारणार. तिनं मुलीला पुढे ओढलं आणि तिचा बांधलेला हात कुंदाताईंच्या तोंडासमोर धरला.

"ह्या हातानं लिवे माही पोट्टी. काहून सांगतलं वं तसं? माह्या पोट्टीनं काय केलतं तुहं?"

कुंदाताईंना तेव्हा एवढंच करायचं होतं की माझ्याकडे बोट दाखवायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या हाताकडे पाहत म्हणाल्या, "मले वाटलं निघाली म्हणून. चुकलं माहं."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'त्यांनी मला विचारलं होतं.' चार शब्द. मी ते मनात दोन-तीनदा म्हटलंही. पण पार्बताबाईनं नुकतेच माझे हात कपाळाला लावले होते, आणि ते हात तिनं परत टाकून द्यावेत हे मला सोसलं नसतं. मला लाज वाटत होती. लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. मी माझ्या टेबलामागे उभी राहिले आणि गप्प बसले.

मुलीनंच पार्बताबाईला ओढलं, "चाल वं माय." दार लागल्यावर सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागल्यासारखे वाटले.

थोड्या वेळानं मी ती कणसं उचलली आणि कुंदाताईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या एक फोन घेत होत्या. तो संपला, नोंद केली, मग त्यांनी कणसं दोन्ही हातांनी गोळा केली आणि माझ्या हातात परत दिली.

"तुमच्यासाठी आणले तिनं, मॅडम," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमीच खा."

त्याच दुपारी मी की-बोर्डखालचा कागद काढला आणि भरला. 'सदर दिवशी प्रणाली दिलेल्या सूचनांप्रमाणे अचूक चालत होती.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खाली सही केली, तारीख घातली आणि शिपायाजवळ दिला.

सप्टेंबरच्या एक तारखेला कुंदाताईंच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसली होती. तिला काम मी शिकवलं.